गाडीत एकच माठ

१ डिसेंबर १९८६, सोमवार

आज ह्यांच्या तोंडून एक शब्द निसटला आणि माझ्या जिवाला घोर लागला. शब्द साधाच, ‘चालजो’.

आमच्या भागात कोणाला ‘चाल’ म्हटलं तर त्याने चप्पल घालावी. ‘चालजो’ म्हटलं तर त्याने हसून मान हलवावी आणि आपल्या घरी सुखाने बसावं. ‘जो’ लावला की बोलावणं गोड होतं आणि थोडं खोटंही होतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सकाळी हे ट्रकखाली निजून ग्रीस भरत होते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, कुंपणापलीकडून मनकर्णाबाईंनी विचारलं, "काऊन रे पेमा, गाडीले एवढं काय सजवून राह्यला?" हे खालूनच म्हणाले, "मायले सारनाथ, बुद्धगया दाखवाले नेतो काकू. तू बी चालजो."

"बरं," त्या म्हणाल्या. "मले सामान काय काय घ्या लागन?"

ह्यांच्या हातातला पाना खाली पडला तो मी चुलीपाशी ऐकला.

मनकर्णाबाईंचं म्हणणं सरळ आहे. बुद्धगयेच्या अलीकडे गया, तिथे मालकाच्या नावाने पिंड द्यायचा राहून गेलाय. पोटी मूल टिकलं नाही, पुतण्याच्या घरी राहतात, त्यांना नेणार कोण? सगळं पटतं. पण माझं लग्न होऊन आठ वर्षं झाली. या बाईंनी आमच्या दारातलं घोटभर पाणी कधी तोंडाला लावलेलं नाही. ह्यांना कावीळ झाली होती तेव्हा रोज झाडपाल्याचं औषध आणलं, तेही माझ्या हातात न देता कुंपणाच्या खांबावर ठेवून गेल्या. त्यांचं देणं चालतं, आमचं घेणं चालत नाही.

आणि माझ्या सासूबाईंचं नि त्यांचं तर विळ्याभोपळ्याएवढं सख्य. रोज सकाळी दोघी कुंपणापाशी येतात आणि भांडतात. कोंबड्यांवरून, राखेवरून, कधी काहीच नसलं तर थंडीवरून. अशा दोघींना एका ट्रकात घालून गंगेपलीकडे न्यायचं म्हणजे कठीण आहे. मी ह्यांना म्हटलं, जीभ आवरायला काय पडतं? हे म्हणाले, "मायनंच त सांगतलं सकाळी, शेजारणीले नुसतं विचारून पाहजो म्हणून." सासूबाई पण काय, बोलण्यापुरतं बोलायला सांगितलं आणि अंगाशी आलं.

४ डिसेंबर, गुरुवार

ट्रक धुऊन झाला. एरवी त्यात कापूस नाहीतर मुरूम असतो, त्यामुळे फळ्यांच्या फटीफटीतून लाल माती आणि रुईचे पुंजके निघत होते. ह्यांचा जोडीदार कवडू सकाळपासून राबतोय. वाटेत हे थकले की गाडी तोच चालवणार. त्याने मागचे कमानपाटे बदलले, खालच्या फटींत पोत्याच्या चिंध्या ठोकल्या, वर बांबूच्या कमानी उभ्या केल्या. हिंगणघाटच्या जिनिंगवाल्या भैयाजींनी त्यांची नवी ताडपत्री दिली. म्हणाले, "कापूस झाकतो मी, तुम्ही माय झाका." ऐन हंगामात गाडी उभी ठेवणारा आख्ख्या जिल्ह्यात माझाच नवरा असेल. पण सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता उतरलाय आणि दुसऱ्यात उतरतोय. पुढच्या हिवाळ्यात नेलं तर नुसती हवा खाऊन यायच्या.

मला ह्यांचा राग येतो, पण या एका गोष्टीसाठी मी त्यांच्या पायाची धूळ घ्यायला तयार आहे. हे मी त्यांना सांगणार नाही. फुगतील.

मनकर्णाबाई दिवसभर कुंपणाशी उभ्या. "पेमा, रात्री गाडी नोको चालवजो. पेमा, कानाले रुमाल बांध." दुसऱ्याच्या घरात किती लक्ष घालावं! कवडूने सहज विचारलं, प्रेमदासभाऊचं वय काय. मी हिशेब करतेय तोवर पलीकडून उत्तर आलं, "तीस सरून एकतीस. आषाढातल्या पंचमीचा हाये." हे त्यांना लहानपणापासून ‘तू’ म्हणतात. मला आठ वर्षांत जमलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

काल सहा डिसेंबर. विहारातून आल्यावर सासूबाईंनी पुन्हा त्यांची नागपूरची गोष्ट सांगितली. दीक्षेच्या वेळी कशा गेल्या, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, पांढरं लुगडं रात्री धुऊन सकाळी ओलंच कसं नेसल्या, परत आल्या तेव्हा पाय सुजले होते पण मान ताठ होती. मला ती गोष्ट पाठ आहे, तरी दरवेळी अंगावर काटा येतो. आम्ही आज माणसांत आहोत ते त्या ओल्या लुगड्यांमुळे, हे मी विसरत नाही.

विशाखाने मधेच विचारलं, "आजी, मंग बाबा कुठं होते? बाबा लहान होते ना?"

"घरी होता. ताप होता त्याले."

"कोणाजवळ?"

"झोप आता," सासूबाई म्हणाल्या. माझी पोर म्हणजे प्रश्नांची पेटी आहे. म्हाताऱ्या माणसाला किती दमवावं तिने.

९ डिसेंबर, मंगळवार

आज माझं आणि सासूबाईंचं वाजलं. प्रवासाला पाण्याचा मोठा माठ घेतलाय; फुटू नये म्हणून कवडू त्याला तणसाच्या खोक्यात बसवणार आहे. मी म्हटलं, आणखी एक लहान माठ घेऊ. मनकर्णाबाईंच्या विहिरीवरून त्यांचा त्यांनी भरावा, वाटेत कवडू त्यांना वेगळा भरून देईल. कोणाचं मन नको दुखायला.

सासूबाई निवडत असलेलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, "गाडीत एकच माठ राहीन. ज्याले तहान लागन तो त्याच्यातलं पेइन."

"आत्याबाई, त्या जुन्या माणूस. पाहुण्या आहेत आपल्या."

"पाहुणी नाई ते."

आता बोला! ज्यांना आपण बोलावलं त्यांना पाहुणीसुद्धा मानायचं नाही. मी म्हटलं, मग त्या येणारच नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "त नाई येणार. पण लपूनछपून, वेगळं-वेगळं आता मले होत नाई." आणि सूप उचललं. एवढी प्रेमळ बाई या एका गोष्टीत दगड का होते, मला कळत नाही. मनकर्णाबाईंचा चेहरा आठवून दिवसभर वाईट वाटत राहिलं. त्यांनी पेटी काढून उन्हात ठेवलीय.

१३ डिसेंबर, शनिवार

वस्तीतली आणखी दोन घरं आमच्यासोबत येणार. सगळ्यांनी मिळून जवसाची चटणी कांडली, तिखट-मिठाच्या पुऱ्या करायचं ठरलं, सातूचं पीठ दळून आणलं. उत्तरेकडची थंडी ऐकून सगळे घाबरलेत. ज्यांना यायचं नाही त्यांनीही पांघरुणं आणून दिली. कोणी मफलर, कोणी पायमोजे. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी आपला लांब काळा कोट दिला आणि म्हणाले, हा कोट तरी बुद्धगया पाहून येऊ दे. मला रडू आलं. माणसं किती चांगली असतात, आणि आपण त्यांच्याबद्दल एरवी काय काय बोलत असतो.

संध्याकाळी सुताराने शिडी आणून दिली, म्हाताऱ्यांना ट्रकात चढायला. सासूबाईंनी चढून पाहिलं. पलीकडून आवाज आला, "पायरी उंच झाली वो सीताबाई. माह्ये गुडघे नाई चढत एवढे." सासूबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी कोणं बनवली?" आणि सुताराला हाक मारून मधे एक पायरी वाढवायला सांगितली. स्वतःचे गुडघे दुखतात हे कबूल करायला सासूबाईंना दुसऱ्याचं नाव लागतं.

१५ डिसेंबर, सोमवार

पुंडलिकराव येऊन गेले. हे मनकर्णाबाईंचे पुतणे. ओटीवर बसले नाहीत, उभ्यानेच बोलले, पण बोलणं लोण्यासारखं. "प्रेमदास, काकूचं वय झालं. रस्त्यात खानंपिनं, कोणाच्या हातचं काय, चार लोक मले विचारतीन. तिले मी नाई म्हटलं त रडन. तूच सांग, जागा नाई म्हणून. तुह्या तोंडून गोड लागन." जाताना सहज आठवण करून दिली की त्यांचा कापूस जिनिंगला न्यायचं काम दरसाल ह्यांच्याकडेच असतं.

हे "बरं" म्हणाले. मी आत उभी होते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाच्या हातचं, म्हणे! कापसाला ह्यांचा हात चालतो. पुंडलिकराव गेल्यावर मी ह्यांना नाही नाही ते बोलले. हे म्हणाले, "कमल, इथंच राहायचं हाये आपल्याले." खरं होतं ते. तेच जास्त झोंबलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

ह्यांनी सकाळी कुंपणाशी जाऊन सांगितलं, "काकू, गाडीत जागा नाई उरली." मनकर्णाबाईंनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "बरं बाप्पा. तुह्यी माय जपजो." आणि उन्हातली पेटी उचलून आत गेल्या.

मला वाटलं सासूबाईंना सुटल्यासारखं वाटेल. माठाचा प्रश्नच संपला. पण त्या जेवल्या नाहीत. पोट बरं नाही म्हणाल्या. ओव्याचं पाणी दिलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस कुंपणाशी भांडण नाही. सकाळ कशी ओकीओकी वाटते. कोंबड्यासुद्धा बिचकल्यात.

सासूबाई अर्धी भाकरी खातात आणि उठतात. आज म्हणाल्या, "मी नाई येत. तुम्ही जाऊन या." हे घाबरले. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्याच नाही म्हणतात! डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तपासलं, काही नाही म्हणाले, टॉनिक लिहून दिलं.

दुपारी मी कपडे वाळत घालायला गेले तर दोघी कुंपणाशी उभ्या. भांडत नव्हत्या. अगदी हळू बोलत होत्या. मनकर्णाबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि सासूबाई जमिनीकडे बघत बोलत होत्या. मला एवढंच ऐकू आलं, "...माही अट तेच हाये. ते सुटणार नाई." मला पाहून दोघी दोन दिशांना गेल्या. इतकी वर्षं आरडाओरडा होता तोवर ठीक होतं. आता आवाजच बंद झाला म्हणजे कायमचं तुटलं. जायच्या तोंडावर असं व्हायला नको होतं.

सासूबाई रात्री पोटभर जेवल्या. टॉनिक लागू पडलं. डॉक्टरांचे उपकार.

२१ डिसेंबर, रविवार

मनकर्णाबाई सकाळच्या गाडीने माहेरी गेल्या, सिंदीला भावाकडे. पुंडलिकराव स्वतः स्टेशनवर पोचवून आले. बाई माहेरी जाते म्हटल्यावर कोण अडवणार! पेटी घेऊन गेल्या. आमची गाडी डोळ्यांसमोर निघालेली बघवणार नाही म्हणून गेल्या असणार. जाताना मी हात जोडले, तर त्यांनी लांबूनच माझ्याकडे पाहून हात वर केला. मला फार अपराधी वाटलं. एवढ्या मोठ्या ट्रकात एका म्हातारीला जागा झाली नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

सासूबाईंना सिंदीची वांगी पाहिजेत.

हे मी चेष्टेने लिहीत नाही. ह्यांनी रस्ता सांगितला, वर्धा, सेलू, नागपूर, पुढे सिवनी, जबलपूर. तर सासूबाई म्हणाल्या, "पयले सिंदीवरून घेजो." हे म्हणाले, "माय, आत वळून जावं लागते, उगाच फेरा पडते. काऊन?" तर म्हणे तिथली वांगी. आमच्या नालवाडीत वांगी नाहीत काय? आमच्या परसात वांगी लागली आहेत! पण त्या ऐकतील तर शपथ. कवडू तोंडावर रुमाल धरून हसत होता. शेवटी हे म्हणाले, जाऊ दे, तिच्यासाठीच तर चाललो आहोत. ह्यांचा हा गुण मला शिकायचा आहे.

२५ डिसेंबर, गुरुवार

सगळं झालं. खाली तणस, त्यावर पोती, त्यावर सतरंज्या, त्यावर पांघरुणांचा डोंगर. ट्रकच्या समोर निळं आणि पंचरंगी निशाण. माठ खोक्यात बसवला, एकच. मी आता वाद घातला नाही, घालायला कारणच उरलं नाही.

उद्या पहाटे निघायचं. आजवर नागपूरच्या पुढे मी गेलेली नाही. ट्रक, ह्यांचे हात, कवडूची मेहनत, ज्यांच्या गोधड्या आहेत ती घरं, सगळ्यांचं मनातल्या मनात नाव घेतलं. इतकं मिळालं की कधी कधी भीतीच वाटते.

२६ डिसेंबर, शुक्रवार, नागपूरच्या पुढे

आज जे झालं ते विसरायच्या आत लिहून ठेवते. गाडी थांबलीय, माझा हात थंडीने वळत नाही, अक्षर लागलं नाही तर नाही.

सिंदीला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. बाजार कुठला, कुत्रंसुद्धा उठलं नव्हतं. आणि रेल्वेच्या फाटकाजवळ दगडावर, डोक्यावरून घोंगडी घेऊन, शेजारी पेटी ठेवून मनकर्णाबाई बसल्या होत्या.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या अजिबात चकित झाल्या नव्हत्या. म्हणाल्या, "कमल, पेला भर." मी माठातून पेला भरून दिला. तो घेऊन त्या शिडीवरून खाली उतरल्या, मधल्या पायरीवर थांबत थांबत, आणि मनकर्णाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. ट्रकातली सगळी माणसं ताडपत्री सारून बघायला लागली.

हे केबिनमधून उडी मारून धावले. "माय, राहू दे! काऊन जुलूम करतं? काकू, कवडू तुले स्टेशनच्या नळाचं आणून देते, तू बस गाडीत."

मनकर्णाबाई त्या पेल्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "एवढ्या लोकाइसमोर, सिते?"

"हो, लोकाइसमोर. लपून पाजलं तवा म्या कोणाले सांगतलं काय? तुमच्या घरचे मारतीन म्हणून तीस वर्सं तोंड नाई उघडलं. तुमचं दूध आमाले चाललं, आमचं पाणी तुमाले काऊन नाई चालत, हे रोज कुंपणाशी येऊन विचारलं म्या. कोंबड्यावरून विचारलं, राखेवरून विचारलं. आता तुम्ही तोंड उघडा."

मनकर्णाबाईंनी पेला घेतला. दोन्ही हातांनी धरला आणि सगळा प्यायल्या, घोट घोट करत, शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी बर्फासारखं असणार. मग तोंड पुसून ह्यांना म्हणाल्या, "पेमा, हे तुही माय नागपूरले दीक्षा घ्याले गेलती तवा तू तापानं फणफणला होता. वरचं दूध ठरे नाई तुले. माहं लेकरू जाऊन आठ रोज झालते, अन् छाती भरून ये. तुही आजी तुले गोठ्यामागं घेऊन ये. चार दिवस पाजलं म्या तुले. पाचव्या दिवशी हे आली अन् घेऊन गेली." रिकामा पेला सासूबाईंच्या हातात देत म्हणाल्या, "देल्लं म्या. नेऊ काऊन नाई देणार, इचीच वस्तू होती."

हे वळले, समोर जाऊन बॉनेट उघडलं आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागले. घरून निघताना तो काठोकाठ भरला होता, माझ्यासमोर. पाणी बाहेर वाहत होतं तरी ओतत होते. कवडूने हळूच त्यांच्या हातातून डबा काढून घेतला.

मग मनकर्णाबाई शिडी चढल्या आणि वर बसल्या बसल्या म्हणाल्या, पाणी खारं आहे. सासूबाई म्हणाल्या, तुमच्या विहिरीचं कोणतं साखरेचं होतं? ट्रक हलायच्या आत दोघींचं सुरू झालं. मला आठ वर्षांत हे भांडण इतकं गोड कधी लागलं नव्हतं. परत गेल्यावर पुंडलिकराव काय करतील, कापसाचं काम राहील की जाईल, ते मला माहीत नाही. ह्यांना विचारलं नाही. आज तरी नाही.

मग मी केबिनमध्ये ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. नागपूर मागे पडल्यावर हे म्हणाले, "कमल, आता तिले काय म्हणू मी? काकू म्हटलं त कसंतरी लागते."

मी म्हटलं, जे तोंडात येईल ते म्हणा.

आत्ता चहाला थांबलो. टपरीवर गर्दी आहे, धुकं आहे. कोणाला चहा हवा ते विचारायला हे ट्रकच्या मागे गेले. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होते. सासूबाईंना उठवायचं म्हणून ह्यांनी फळीवर हात आपटून रोजच्यासारखी हाक मारली, "माय!"

आतून दोघींनी एकदम ओ दिली.